गास्पारचे ‘कदाचित’

ऑर्लेआं, २ फेब्रुवारी

लुदोविक,

सवयीनं हात ‘प्रिय’ लिहायला गेला होता, तो आवरला.

तुझं पत्र मिळालं. जाड कागद, वर छापलेलं नाव, खाली तीच तिरकी सही. ही सही तू आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्राच्या कडेला गिरवून गिरवून बसवली होतीस. तेव्हा तुझं एकही पुस्तक आलेलं नव्हतं. गास्पार हसून म्हणाला होता, “आर्लेत, पोरानं सही तयार ठेवलीये बघ. आता पुस्तक काय, येईल मागनं.”

तू लिहितोस की अकादमीनं तुला निवडलं आणि योगायोगानं गास्पारचीच खुर्ची रिकामी होती. योगायोगानं! माणूस मेल्याशिवाय तिथली खुर्ची रिकामी होत नाही, लुदोविक. माझ्या नवऱ्याला पुरून महिनाही झाला नव्हता, तेव्हा तू एकेका सभासदाच्या दारात मतं मागत हिंडत होतास. माझे केस कापणाऱ्या नादेजलासुद्धा ते ठाऊक होतं. तिनं मासिकात तुझा फोटो पाहिला आणि मला विचारलं, “हेच का तुमच्याकडे जेवायला असायचे ते?” मी म्हटलं, हेच ते.

आता रिवाजाप्रमाणे ज्याच्या खुर्चीवर बसायचं, त्याचं तुला भर सभेत गुणगान करायचं आहे. पहिल्या रांगेत त्याची विधवा बसणार. म्हणून इतक्या वर्षांनी तुला माझी आठवण झाली. “आर्लेत, मला त्यांच्याविषयी काहीतरी आतलं, माणसातलं द्या. विशेषतः शेवटचे दिवस.” हे वाक्य वाचून मला अक्षरशः शिसारी आली. पत्र बाजूला ठेवलं आणि हात धुतले. आज घिरडी करायचा सण, पीठ भिजवून ठेवलं होतं, तेही केलं नाही.

विशेषतः शेवटचे दिवस! तुला दुसरं काय येतं म्हणा. एक सेनापती, एक नर्तकी, दोन तत्त्वज्ञ, पोपचा आचारी. वीसेक चरित्रं झाली असतील तुझी, आणि प्रत्येकाचं शेवटचं प्रकरण मरणाचं. बायका म्हणे तुझी पुस्तकं शेवटाकडून वाचायला घेतात. टीव्हीवर तू गळ्यात तो करडा रुमाल गुंडाळून बसतोस, आवाज खाली आणतोस, आणि कुणाचा तरी शेवटचा श्वास घेऊन दाखवतोस. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणजे काय, हे मला तुझ्यामुळे नीट कळलं.

आणि या सगळ्याची सुरुवात कुठल्या प्रकरणानं झाली, तेही तुला ठाऊक आहे. तुझं पहिलं पुस्तक, नद्यांचे नकाशे काढणाऱ्या आन्सेल्म रूव्हेरचं चरित्र. त्याचं शेवटचं प्रकरण वाचून परीक्षकांनी डोळे पुसले आणि तुला बक्षीस दिलं. त्या प्रकरणाबद्दल मी आत्ता काही बोलत नाही.

बक्षिसानंतर चौथ्या वर्षी तू ‘सुगंधी मढी’ लिहिलास. चाळीस पानांचा लेख आणि त्यात एकच माणूस: गास्पार तेवनो. म्हणे तो मेलेल्यांच्या तोंडी स्वतःचे शब्द घालतो, नसलेले पुरावे उभे करतो, चरित्रकार नसून प्रेतं सजवणारा आहे. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यानं थट्टेत म्हटलेली वाक्यं तू त्यात कबुलीजबाब म्हणून घातलीस. ज्या माणसानं तुला पुरावा कशाला म्हणतात ते शिकवलं, त्याच्यावर!

त्याच्या प्रकाशकानं मोठ्या अदबीनं पुढचं पुस्तक लांबणीवर टाकलं आणि ते लांबतच गेलं. गास्पारनं उत्तर दिलं नाही. मी म्हणायचे, “लिही की त्याला चार ओळी!” तो म्हणायचा, “तरुण आहे गं तो.” तू चाळिशीत आलास, पन्नाशीत आलास, तरी त्याचं आपलं तेच. त्यानंतर त्यानं शब्दकोशांची मुद्रितं तपासली, बागेत नासपती वाढवल्या, पण पुस्तक एकही लिहिलं नाही.

तेव्हा नाही. माझ्याकडे तुझ्यासाठी काही नाही.

आर्लेत तेवनो

—

ऑर्लेआं, २१ मार्च

लुदोविक,

नाही म्हटल्यावर माणूस येत नाही. तू आलास. रविवारी, जेवणाच्या वेळेला, न कळवता, हातात मिमोझाची पिवळी फुलं घेऊन. मी दार लावून घ्यायला हवं होतं. पण चुलीवर वासराच्या मांसाचा पांढरा रस्सा होता, तुझं नाक तिकडे वळलेलं मी पाहिलं, आणि माझ्यातल्या जुन्या बाईनं दुसरं ताट घेतलं. त्या बाईचाही मला वीट आलाय.

“तुम्ही काडीच्याही बदलला नाहीत, आर्लेत.”

“तू बदललास. दात नवे केलेस.”

तू हसलास. नवे दात सगळे दिसले. मग तीनदा वाढून घेतलंस, पावाच्या तुकड्यानं ताट निपटून काढलंस आणि म्हणालास, “या रश्श्याची चव मी कुठे कुठे शोधली!” तीस वर्षांत ऑर्लेआंची एक गाडी तुला सापडली नाही का रे? पॅरिसहून तास लागतो.

जेवण झाल्यावर तू म्हणालास, “खोली बघू का जरा?” मला वाटलं, त्याची लिहायची खोली. तू सरळ झोपायच्या खोलीत गेलास. खिडकी किती मोठी ते पाहिलंस, भिंतीवर काय टांगलंय ते पाहिलंस. मग वाकून त्याच्या बाजूची गादी तळहातानं दाबलीस. दोनदा दाबलीस, बाजारात खरबूज दाबून बघतात तशी.

“कुठल्या कुशीवर होते?”

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. ओरडावंसं वाटलं. पण ओरडले असते तर तेही तू भाषणात घातलं असतंस. म्हणून म्हटलं, “बाहेर ये. चीज काढलंय.”

तिथे, चीज खाता खाता, आपला सौदा ठरला. तो मी इथे लिहून ठेवते, कारण तुझी स्मरणशक्ती मला माहीत आहे.

मी म्हटलं, “तुला त्याचं मरण हवंय ना? देते. पण मला त्या सभेत एक वाक्य हवंय.”

“कसलं?”

“तुला ठाऊक आहे कसलं.”

तू सुरी खाली ठेवलीस. “आर्लेत, तो लेख आता कोणाच्या लक्षात आहे?”

“माझ्या आहे. त्याच्या होता. आणि ज्यांनी त्याला मत देऊन तिथे बसवलं होतं आणि नंतर त्याच्याशी हात मिळवताना दुसरीकडे बघायचे, त्या म्हाताऱ्यांच्याही आहे.”

“बरं. तुम्ही लिहून द्या, मी वाचतो.”

“मी का लिहू? बोल तू. आत्ता, इथे.”

आणि तू बोललास. रुमाल हातात धरून, माझ्याकडे बघत: “गास्पार तेवनोंवर मी केलेला आरोप खोटा होता, आणि तो खोटा आहे हे मला लिहितानाच माहीत होतं.” किती छान बोललास! आवाज अगदी हवा तिथे कापरा झाला. इतका छान की तेव्हाच मला संशय आला.

जाताना कोट घालता घालता तू वर आणखी विनोद केलास. “छापायच्या आधी भाषणाची प्रत रिवाजाप्रमाणे तुमच्याकडे येईलच. घरच्यांची तळटीप! त्या तळटिपा कोणी वाचत नाही म्हणा, पण विधवांना बरं वाटतं.” गास्पार तुला, त्याच्या हाताखाली शिकायला आलास त्या पहिल्याच महिन्यात, काय सांगायचा, आठवतं? “विधवेचं खरं मानू नकोस. ती खोटं बोलते म्हणून नव्हे. तिला जे बघायला हवं होतं, तेच ती सांगते.” आणि मग माझ्याकडे बघून डोळा मारायचा.

बघ, मी तुला सावधही करून ठेवलं.

मिमोझा मी शेजारणीला दिला. मला त्याच्या वासानं शिंका येतात. हे तुला पूर्वी माहीत होतं.

आर्लेत

—

ऑर्लेआं, ११ एप्रिल

लुदोविक,

घे. मागितलं होतंस ते.

ऑक्टोबर होता. त्या महिन्यात या घरात दरवर्षी नासपतीचा मुरांबा होतो, तो त्या दिवशीही चुलीवर होता. खिडकी अर्धी उघडी होती आणि नदीकडून गार वारं येत होतं. तो खोलीत पडून होता, ती स्वयंपाकघरात होती. मध्ये एक भिंत होती आणि दार लोटलेलं होतं.

कदाचित शिजणाऱ्या फळांचा वास त्याच्यापर्यंत गेला असेल. आयुष्यभर त्याचा आणि तिचा एकच वाद होता, साखर कधी घालायची याचा. लवकर घातली की फोडी कडक होतात, असं त्याचं म्हणणं. तेव्हा कदाचित त्यानं उशीवरून मान जराशी उचलून हाक मारली असेल: “साखरेची घाई करू नकोस.” कदाचित हाक दारापर्यंतच गेली असेल. तिला कदाचित ती ऐकूच आली नसेल. ती आत आली तेव्हा मुरांबा झाला होता आणि तो राहिला नव्हता.

एवढंच.

मी ‘तो’ आणि ‘ती’ असं लिहिलंय, कारण ‘मी’ लिहायला हात होत नाही. तू काय ते बदलून घे. मात्र एक विनंती आहे. जे आहे तेवढंच घे. त्यात भर घालू नकोस आणि त्यातलं काही काढू नकोस. तुझ्या गुरूनं तुला शिकवलं होतं तसं.

आणि आपलं वाक्य.

आर्लेत

—

ऑर्लेआं, ३० मे

लुदोविक,

काल फोनवर तू म्हणालास, “आर्लेत, तुमचं ते पान वाचून मी रात्रभर झोपलो नाही. सबंध कारकिर्दीत मला असा मृत्यू मिळाला नाही.” मिळाला नाही, असं म्हणालास. आणि मला वाटत होतं की मेला गास्पार.

मग तू अकादमीच्या पोशाखावर लावायच्या तलवारीबद्दल अर्धा तास बोललास. मित्रांनी मिळून तुझ्यासाठी घडवून घेतलेली तलवार, तिच्या मुठीवर लेखणी आणि वाळूचं घड्याळ, पोशाखाचा हिरवा कशिदा, शिंप्यानं पोट कसं झाकलं. गास्पारची तलवार दिवाणखान्यातल्या कपाटामागे उभी आहे. पडदा अडकला की मी तिनं मोकळा करते. तो स्वतःही तेच करायचा.

मी दोनदा विचारलं, “वाक्य आहे ना?”

पहिल्यांदा तू म्हणालास, “हो हो, आहे.” दुसऱ्यांदा म्हणालास, “तुम्ही निळं घाला, आर्लेत. कॅमेऱ्यात काळं फार काळं दिसतं.”

मी काळंच घालणार.

आ.

—

ऑर्लेआं, १३ जून

लुदोविक,

काल तू मला गाडीपर्यंत सोडायला येणार होतास. पण तुझ्याभोवती इतकी माणसं होती की मी निघून आले. बरं झालं. तोंडावर थुंकले असते तर तेही फोटोत आलं असतं.

मी पहिल्या रांगेत बसले होते. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. तासभर मी एका वाक्याची वाट पाहिली. तू त्याच्या बालपणाबद्दल बोललास, त्याच्या पुस्तकांबद्दल बोललास, आणि ‘आमच्यातले वैचारिक मतभेद’ असंही म्हणालास. वैचारिक मतभेद! दुसऱ्याचं घर पाडायचं आणि मग म्हणायचं की रंगाबद्दल आमचं जमलं नाही. तरी मी म्हटलं, येईल अजून, शेवटी येईल.

शेवटी आलं ते दुसरंच. तू पाणी प्यायलास, आवाज खाली आणलास, आणि ऑक्टोबर सुरू केलास.

“नासपतीचा वास त्यांच्यापर्यंत आला. त्यांनी उशीवरून मान उचलली आणि हाक मारली: साखरेची घाई करू नकोस, आर्लेत. आणि आर्लेतनं ती हाक ऐकली. ती धावत आली. तिनं त्यांचा हात हातात घेतला.”

सगळी सभा वळून माझ्याकडे बघू लागली. बायकांनी रुमाल काढले. कॅमेरा माझ्या तोंडासमोर आला. आणि मी, लुदोविक, तिथे हाक ऐकलेली बाई म्हणून बसून राहिले. मला स्वतःचीच इतकी किळस आली की कपडे काढून धुवावेसे वाटले. मी ते उठून का नाकारलं नाही? सभाभर म्हातारे रडत असताना बाई उठून म्हणाली असती, मी नाही ऐकली हो, तर त्यांनी मला पाणी पाजून खाली बसवलं असतं.

टाळ्या वाजल्या. वाक्य आलं नाही.

आता ऐक. खाली फराळाच्या दालनात मी कोपऱ्यात उभी होते. तुमचे ते वनस्पतिशास्त्राचे म्हातारे सभासद आहेत ना, पेलिसिए, ते काठी टेकत माझ्याकडे आले. तुला मत न देणाऱ्यांपैकी एक. मला वाटलं, सांत्वन करतील.

ते म्हणाले, “मादाम, माझी बायको शेवटची सहा वर्षं आंधळी होती. मी तिला वाचून दाखवायचो. एक पान ती पुन्हा पुन्हा वाचायला लावायची.”

“कुठलं पान?”

“आत्ता ऐकलं ते.” मग इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, “आन्सेल्म रूव्हेरचं चरित्र, शेवटचं प्रकरण. नासपती, अर्धी उघडी खिडकी, साखरेवरून हाक. नुसती नावं बदललीयेत. मला पाठ आहे हो. या गृहस्थानं तुमच्या नवऱ्याला स्वतःच्या जुन्या पुस्तकातलं मरण चढवलं?”

“नाही,” मी म्हटलं. “त्याला ते स्वतःच्या पुस्तकातलं आहे हे माहीतच नाही.”

“असं कसं होईल?”

“लिहिणारा दुसरा असला की होतं.”

पेलिसिएंनी काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाले, “तेवनो?” मी मान डोलावली. ते म्हणाले, “तरीच. मी बायकोला नेहमी म्हणायचो, बाकीचं पुस्तक एका माणसाचं आहे आणि हे पान दुसऱ्याचं.”

आता आठव, लुदोविक. तुझं पुस्तक अडलं होतं, कारण आन्सेल्म कसा मेला याचा एकही पुरावा मिळत नव्हता. प्रकाशक मागे लागला होता आणि तू कोर्सिकात कुणा मुलीबरोबर समुद्रकाठी जाऊन बसला होतास. तिथून तू फोन केलास आणि रडलास. गास्पारनं आठवडाभर बसून ते प्रकरण लिहिलं. आमच्या चुलीवरचा मुरांबा त्यानं आन्सेल्मच्या घरात नेऊन ठेवला, आमचं साखरेचं भांडण त्याच्या तोंडी दिलं. पण पुरावा नव्हता, म्हणून जागोजागी त्यानं ‘कदाचित’ घातला. मी चिडवलं होतं, “अरे किती वेळा कदाचित!” तो म्हणाला, “जितक्या वेळा मला माहीत नाही, तितक्या वेळा.”

तू परत आलास, पानं घेतलीस, स्टेशनवरून प्रकाशकाकडे जाताना टॅक्सीत सगळे ‘कदाचित’ खोडलेस आणि दिलंस छापायला. मरणाऱ्याची हाक बायकोला ऐकू येते, हेही तुझंच. चौथ्या वर्षी तूच लिहिलंस की गास्पार तेवनो मेलेल्यांच्या तोंडी शब्द घालतो.

मी तुला एप्रिलमध्ये तेच पान पाठवलं, जसं त्यानं लिहिलं होतं तसं, सगळ्या ‘कदाचित’सकट. मला बघायचं होतं. तू ओळखशील, लाजशील, आणि निदान मला फोन करून म्हणशील, “आर्लेत, हे काय?” तसं झालं असतं, तर मी तुला वाक्यसुद्धा माफ केलं असतं. खरं सांगते. तू ओळखलं नाहीस. ज्या पानानं तुला घर, बक्षीस, टीव्हीवरची खुर्ची आणि आता ही खुर्ची दिली, ते पान तू एकदा खोडण्यापुरतंच वाचलं होतंस. आणि दुसऱ्यांदा हातात आलं तेव्हाही पुन्हा तेच केलंस. सगळे ‘कदाचित’ काढलेस आणि तिला हाक ऐकवलीस.

पेलिसिएंनी विचारलं, “काय करायचं आता?” मी म्हटलं, “तुम्ही काही नका करू. अजून छापायचंय.”

आर्लेत तेवनो

—

ऑर्लेआं, ९ जुलै

लुदोविक,

तुझे फोन मी घेतले नाहीत. निरोप मात्र सगळे ऐकले. पहिल्यांदा तू रागावला होतास, मग रडलास, मग ‘आपण सुसंस्कृत माणसं आहोत’ असं म्हणालास. कालचा सगळ्यांत प्रामाणिक होता: “तुम्हाला नक्की हवंय काय?”

मला वाक्य हवं होतं. ते तू तुझ्या तोंडानं द्यायचं होतंस. आता ते माझ्या उपयोगाचं राहिलं नाही.

पेलिसिए कोणाला काही बोललेले नाहीत आणि मीही नाही. भाषणाबद्दल विचारायला आलेल्या एका वार्ताहर मुलीला मी सांगितलं की मला कमी ऐकू येतं. तेव्हा गळा काढू नकोस. घाबरायचं काही कारण नाही, जे व्हायचंय ते अगदी रिवाजाप्रमाणे होणार आहे.

पण आधी एक सांगते. तू मढ्यांचा एवढा शौकीन, तर हे तुझ्याकडे असू दे. गास्पार कसा गेला ते.

दुपारची वेळ होती. मुरांबा चुलीवर होता, हे खरंच आहे. ऑक्टोबरात दुसरं काय असणार? मी त्याला दही दिलं होतं. तो म्हणाला, “अगं, चमचा?” मी द्यायला विसरले होते. त्याला लहान चमचा लागायचा, मोठ्यानं ओठाला लागतं म्हणायचा. मी चमचा आणायला गेले. लहान सापडेना, म्हणून दोन खण उपसले, मग जाता जाता मुरांबा ढवळला. परत आले तर तो गेला होता. दह्यावर बोट फिरवलेलं होतं. वाट बघून त्यानं बोटानंच खाल्लं असावं.

त्यानं हाक मारली की नाही, मला माहीत नाही. चूल चालू होती, खण वाजत होते. मी रोज झोपताना ऐकायचा प्रयत्न करते. कधी वाटतं मारली असेल, कधी वाटतं नसेल. म्हणजे एप्रिलमध्ये मी तुला लिहिलेल्या पानात शब्द त्याचे होते, पण खोटं काहीच नव्हतं. त्यानं पस्तीसेक वर्षांपूर्वी, एका नकाशेवाल्यासाठी, माझ्यापुरतं लिहून ठेवलं होतं: तिला कदाचित ती ऐकूच आली नसेल. मला त्या एका शब्दाचा आधार होता, लुदोविक. भर सभेत तू तो काढून घेतलास आणि मला ऐकू आली म्हणून सांगितलंस. ऐकू आली असती तर मी गेले नसते का?

या मरणावर कोणी रुमाल काढणार नाही. चमच्यावर कोण रडतं? पण वापरायचं असेल तर वापर. माझी हरकत नाही.

आता रिवाज. गेल्या सोमवारी अकादमीकडून तुझ्या भाषणाची कच्ची प्रत आली. सोबत नेहमीचं पत्र, कुटुंबाला काही टीप जोडायची असल्यास जोडावी. त्या तळटिपा कोणी वाचत नाही, असं तू माझ्या दारात कोट घालताना म्हणाला होतास. यंदा वाचतील. पेलिसिएंनी आठवडाभरापासूनच चौकशी चालवलीये की पुस्तिका कधी येणार, आणि ते सगळ्यांसाठी प्रती मागवणार आहेत.

मी तुझं एक अक्षरही बदललेलं नाही. ‘वैचारिक मतभेद’ जसेच्या तसे राहू दिलेत. ऑक्टोबरच्या पानाला फक्त एक आकडा घातला आणि खाली लिहिलं. गास्पारची पेन्सिल अजून त्याच्या टेबलावर होती, तिला टोक काढून घेतलं. उसन्या घेतलेल्या मजकुराखाली मूळ कुठलं ते द्यावं, एवढाच त्याचा नियम होता, आणि त्याच्या टेबलावर बसून मी तो मोडणार नव्हते. अकादमीला आज सकाळी पाठवलं. तू प्रत बघशीलच, तरी इथे उतरवून देते:

“हे पान श्री. लुदोविक मार्सां यांच्या आन्सेल्म रूव्हेर यांच्या चरित्राच्या शेवटच्या प्रकरणातून घेतले आहे. ते प्रकरण गास्पार तेवनो यांनी लिहिले होते. मूळ मजकुरात जागोजागी ‘कदाचित’ हा शब्द होता. तो दोन्ही वेळा श्री. मार्सां यांनी काढला. हाक मला ऐकू आली नव्हती. — आ. ते., विधवा.”

आर्लेत